जंताचे चित्र, जंताची वाट

संपादकांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेखाचा विषय विचारला, तेव्हा मी 'जंतांची चित्रे' असे सांगितले. दूरध्वनीच्या पलीकडे थोडी शांतता झाली. "लेख अवश्य द्या, डॉक्टर, फक्त चित्रे नकोत. अंक घरातील सगळी मंडळी चाळतात, जेवताना चाळणारेही आहेत," असे त्यांनी अत्यंत सौजन्याने सुचविले. त्यामुळे चित्रांविषयीचा हा लेख चित्रांवाचून वाचकांपुढे येत आहे. डॉक्टर वाचकांना ती चित्रे डोळे मिटूनही दिसतील. इतरांसाठी मी ती शब्दांत काढण्याचा प्रयत्न करतो.

वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या वहीत आम्ही कृमी आणि त्यांची अंडी काढत असू. गोलकृमीचे, म्हणजे ज्याला आपण नुसते 'जंत' म्हणतो त्याचे अंडे सोनेरी तपकिरी, कडेने खडबडीत नक्षी असलेले. हा रंग त्याचा स्वतःचा नसतो; आतड्यातून जाताना तो पित्तापासून चढतो. चाबूककृमीचे अंडे दोन्ही टोकांना बूच बसविलेल्या पिंपासारखे. अंकुशकृमीचे अंडे काचेसारख्या पातळ कवचाचे, आत बहुधा चार पेशी. जंताचे अंडे साधारण ६० मायक्रॉन लांब असते. म्हणजे एका मिलिमीटरात अशी सोळा अंडी ओळीने मावतील. वहीत मात्र ते लिंबाएवढे काढायचे आणि तपकिरी पेन्सिलीने रंगवायचे. आमचे शिक्षक नेहमी बजावत, "सूक्ष्मदर्शकात जे दिसते ते काढा." प्रत्यक्षात आम्ही सर्वजण वरच्या वर्गातील कुणाची तरी वही आणून तिच्यावरून काढत असू. त्यानेही ती त्याच्या वरच्या वर्गातील कुणावरून काढलेली असे. परीक्षक त्यालाच पूर्ण गुण देत, कारण स्लाइडवर खरोखर दिसणारे अंडे पुष्कळदा चेपलेले, अर्धवट आणि मळात लपलेले असते.

हा दोष केवळ आम्हा विद्यार्थ्यांचा नव्हता. कृमिचित्रणाची परंपराच मुळात अशी की, चित्रातील कृमी हा कोणताही एक विशिष्ट कृमी नसतो. चित्रकार दहा-वीस नमुने पाहतो, प्रत्येकातील उत्तम दिसणारा भाग उचलतो आणि एक आदर्श कृमी घडवितो. सूक्ष्मदर्शकावर 'कॅमेरा ल्युसिडा' नावाचे लोलकाचे उपकरण बसविले की, डोळ्याला स्लाइड आणि शेजारचा कागद एकावर एक दिसतात आणि बाह्यरेषा गिरविता येते. छायाचित्राची सोय झाल्यावरही हे काम थांबले नाही, याचे कारण साधे आहे. भिंगाखाली एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते. वरचे कवच नीट दिसते तेव्हा आतील अंडाशय धूसर असतो. छायाचित्र एकाच पातळीत अडकते. चित्रकार भिंग वरखाली करीत सगळ्या पातळ्या एका कागदावर आणतो. म्हणूनच आजही पाठ्यपुस्तकांत छायाचित्राशेजारी रेखाचित्र लागते.

एका रेखाचित्राची गंमत सांगण्याजोगी आहे. चाबूककृमीच्या शरीराचा एक भाग जाड आणि दुसरा, अधिक लांब भाग केसासारखा बारीक असतो. १७६१ मध्ये त्याचे नाव पडले तेव्हा बारीक टोक ही शेपटी, असा समज होता. म्हणून 'ट्रायक्युरिस', म्हणजे केसासारख्या शेपटीचा. पुढे १७८२ मध्ये गोत्सेने दाखविले की, ते बारीक टोक म्हणजे डोके आहे. कृमी ते आतड्याच्या अस्तरात खुपसून बसतो आणि बाहेर दिसते ती जाड शेपूट. 'केसासारख्या डोक्याचा' असे दुरुस्त नावही सुचविले गेले. परंतु प्राणिशास्त्रात आधीच्या नावाचा मान मोठा! चित्र सुलटे झाले, नाव उलटेच राहिले.

आता ज्या प्रसंगामुळे या चित्रांकडे मी पुन्हा वळलो, तो सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरगावातील पाच वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. कोरडा खोकला, रात्री छातीत घरघर, अंगात बारीक ताप. वडील खाणीवरच्या ट्रकवर चालक होते. रक्तात इओसिनोफिल पेशी २८ टक्के. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसावर धूसर डाग. शौचाच्या तपासणीचा अहवाल 'कृमी अथवा अंडी आढळली नाहीत' असा. आपल्या किनारपट्टीवर इओसिनोफिल वाढले की हत्तीरोगाच्या कृमीचा विचार मनात येतो; तो आला, पण मुलीचे वय लहान म्हणून मी तो बाजूला ठेवला. पोटातील जंतांचा प्रश्न अहवालाने निकालात काढला होता. घरातील एका काकांना काही वर्षांपूर्वी क्षय झाल्याचे आईने सांगितले आणि माझे मन तिकडे झुकले. मी क्षयाची औषधे सुरू केली. दोन-तीन आठवड्यांत डाग विरला, घरघर थांबली. श्रेय मी औषधांना दिले.

मधल्या काळात त्या घरात काय चालले होते, ते मला फार उशिरा कळले. आजीने नातीचे ताट-पेला वेगळा केला होता. शेजारच्या मुलांना अंगणात येऊ देत नव्हते. मुलगी आईला विचारत असे की, आपण काय केले म्हणून आपल्याशी कुणी खेळत नाही.

सुमारे अडीच महिन्यांनी आई आली ती लोणच्याची रिकामी बाटली पदराआड धरून. बाटलीत सकाळी शौचातून पडलेला जंत होता. अठरा सेंटिमीटर भरला. सवयीने मी पट्टीही लावली. पुस्तकातील जंत पांढरा असतो, कारण तो औषधी द्रावणात मुरलेला असतो. हा ताजा होता, किंचित गुलाबी झाक असलेला. आईने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दोतोर, तेन्ना हो खंय आशिल्लो?" तुम्ही तपासले तेव्हा हा कुठे होता?

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते आणि तरीही मी ते कधी वापरले नव्हते. विभागाच्या भिंतीवरील जुन्या कापडी तक्त्यावर जंताचे जीवनचक्र होते. त्यात मध्ये एक भला मोठा वेटोळे घातलेला जंत, आणि कडेला मनुष्याच्या छातीकडून घशाकडे जाणारा एक लहानसा बाण. परीक्षेत तो बाण आम्ही बिनचूक काढला होता. मळलेल्या हातांतून वा कच्च्या भाजीवरून पोटात गेलेले अंडे लहान आतड्यात फुटते. आतील डिंभ आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात आणि तेथून साधारण आठवडाभरात फुप्फुसात पोहोचतो. तेथे दहा ते चौदा दिवस वाढतो, श्वासनलिकेतून वर घशाशी येतो, गिळला जातो आणि पुन्हा आतड्यात उतरून तेथे मोठा होतो. मादी अंडी घालू लागेपर्यंत, पहिले अंडे गिळल्यापासून दोन-तीन महिने जातात. मग मात्र ती दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते.

म्हणजे मुलगी खोकत होती तेव्हा जंत फुप्फुसात असणार आणि आतड्यात एकही अंडे नसणार. शौचाचा अहवाल खरा होता. तो वाचणारा चुकला. आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप विरणारा असा डाग 'लॉफ्लर' या नावाने आम्ही पाठही केला होता. पण तक्त्यावरील बाणाला दिवस लिहिलेले नव्हते आणि माझ्या मनातील जंत कायम आतड्यातच वेटोळे घालून बसलेला होता, कारण चित्रात तो तेथेच सर्वांत मोठा होता. झालेले सारे मागाहून सिद्ध करता येत नाही, हे मी जाणतो. सर्व तपासण्या पुन्हा करून, वरिष्ठांचा सल्ला घेऊन मी क्षयाची औषधे थांबविली. मुलगी ठणठणीत राहिली. आजीला समजाविण्यासाठी मी स्वतः शिरगावला गेलो आणि तिच्यासमोर मुलीच्याच पेल्यातून पाणी प्यालो. त्याचा उपयोग झाला असावा.

आपल्या बालरोगशास्त्रातील एकाने हा बाण स्वतःच्या देहावर काढला आहे. १९१६ मध्ये स्ट्युअर्ट या लष्करी वैद्याने उंदरांमध्ये जंताचे डिंभ फुप्फुसात जातात हे दाखविले होते. पण माणसात तसेच घडते का, याविषयी शंका होती. १९२२ मध्ये कोइनो या जपानी बालरोगतज्ज्ञाने जंताची २००० अंडी गिळली. धाकट्या भावाला त्याने डुकराच्या जंताची ५०० अंडी दिली. काही दिवसांनी कोइनोच्या स्वतःच्या बेडक्यात डिंभ सापडले. धाकट्या भावाचे मत इतिहासाने नोंदविलेले नाही.

त्या दिवशी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे मी आईला ही सारी वाट काढून दाखविली. या वेळी प्रत्येक बाणावर दिवस लिहिले. तिने लक्षपूर्वक पाहिले आणि विचारले, "मग गूळ बंद करू?"

गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे आणि ती बरीच जुनीही आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. कफापासून होणाऱ्या कृमींच्या कारणांत दूध, गूळ, तीळ, मासे इत्यादींचा उल्लेख येतो. त्याच ठिकाणी या कृमींची रूपे दिली आहेत: काही रुंद चपट्या पट्ट्यासारखे, काही गांडुळासारखे वाटोळे, काही लांब बारीक दोऱ्यासारखे. कागद-कुंचल्याविना काढलेली ही चित्रे इतकी नेमकी आहेत की, पट्टकृमी, गोलकृमी आणि सूत्रकृमी आजच्या विद्यार्थ्यालाही ओळखता यावेत. निरीक्षण चोख, कारण मात्र डोळ्यांना न दिसणारे. युरोपातही कुजलेल्या अन्नरसातून कृमी आपोआप उपजतात असेच मानीत. ते डळमळीत झाले ते शरीर उघडून काढलेल्या चित्रांनी. १६८३ मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसनने आणि पुढच्याच वर्षी इटलीच्या फ्रान्सिस्को रेदीने जंताचे विच्छेदन प्रसिद्ध केले. त्यात नर वेगळा, मादी वेगळी आणि मादीच्या पोटात दोऱ्याच्या गुंडीसारखे लांबच लांब अंडाशय दिसले. ज्याला अंडाशय आहे त्याला आईबाप असणार. मग तो गुळातून उपजेल कसा? आईला मी एवढेच सांगितले की, गूळ खुशाल द्या, हात धुऊन द्या. रात्री दात खाणे हेही जंताचे खात्रीलायक लक्षण नव्हे, हे जाता जाता येथे सांगून ठेवतो, कारण आठवड्यातून एकदा तरी मला ते विचारले जाते.

चित्राने एक आख्खा रोग संपविला, असे उदाहरण मात्र जंताचे नाही; ते नारूचे आहे. मी स्वतः नारूचा रुग्ण पाहिलेला नाही आणि आता आपल्या देशात कुणी पाहणारही नाही. मीटरभर लांबीपर्यंत वाढणारी मादी पायाच्या कातडीतून बाहेर येई, आणि काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढून काढीत. १६७४ मधील वेल्श या जर्मन वैद्याच्या ग्रंथात हे चित्र आहे. पाय आहे, काडी आहे, कृमी आहे. तो आला कोठून, हे त्यात नाही. पुढील पावणेदोनशे वर्षे चित्र तेवढेच राहिले.

१८५० च्या दशकात मुंबईत हेन्री जॉन कार्टर हे कंपनी सरकारचे शल्यवैद्य होते. (ग्रेच्या शरीररचनाशास्त्राची चित्रे काढून १८५८ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आलेले आणि पुढे साताऱ्याचे सिव्हिल सर्जन झालेले हेन्री व्हँडाइक कार्टर ते वेगळे. या दोघांची गल्लत विद्वानांकडूनही होते.) पहिल्या कार्टरना तळ्यांतील सूक्ष्म जीवांचा छंद होता आणि हाती पेन्सिल होती. त्यांनी नोंदविले की, ज्या तळ्यात एका शाळेची मुले अंघोळ करीत, त्या शाळेतील ५० पैकी २१ मुलांना वर्षभरात नारू झाला आणि त्या तळ्याच्या गाळात एक सूक्ष्म कृमी विपुल होता. तोच कृमी कातडीतून शिरून नारू होतो, असे त्यांचे अनुमान. तळे बरोबर होते, कृमी चुकला होता. रेखाटलेला कृमी हा गाळात मुक्तपणे जगणारा, निरुपद्रवी जीव होता.

१८७० मध्ये फेदचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या पिसवेएवढ्या प्राण्याच्या पोटात नारूचे डिंभ पाहिले. वाटेतील हरवलेला टप्पा सापडला. तरीही सायक्लॉप्ससकट पाणी प्यायल्याने माणसाला नारू होतो, हे माणसातच सिद्ध होणे बाकी होते. ते काम केले मुंबईच्या ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड या जीवाणुशास्त्रज्ञाने. १९१३ च्या सुमारास त्यांनी स्वयंसेवकांना असे पाणी पाजून संसर्ग घडवून दाखविला. वर्तुळ पूर्ण झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत फेदचेंको असतो, तर्खड क्वचितच. मराठी डॉक्टरांच्या स्मरणिकेत तरी ते नाव असावे.

या वर्तुळाकडे नीट पाहिले की, ते कोठे तोडायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा असतो. दाट विणीच्या कापडातून तो गाळला जातो. पायऱ्यांच्या विहिरीत जखमेचा पाय बुडू दिला नाही, तर डिंभ पाण्यात जातच नाहीत. नारूवर लस नव्हती, त्याला मारणारे औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गाळणीचे कापड, पायविहिरींचे रूपांतर, पाण्यात टेमेफॉस आणि गावोगाव दाखविलेली चित्रे, एवढ्या सामग्रीवर ती चालली. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख लोकांना हा रोग होता. २०२१ ते २०२४ या काळात मनुष्यरुग्णांची संख्या दरवर्षी वीसच्या आत राहिली.

अंकुशकृमीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. त्याचे चित्र पुस्तकात फार भयंकर दिसते: उघडे तोंड, वाकडे दात. शेजारी मोजपट्टी नसेल तर हा प्राणी जेमतेम एक सेंटिमीटरचा आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. भय वाटावे असे त्याचे दात नव्हेत, त्याचा हिशेब आहे. ॲन्सिलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.२ मि.लि. रक्त घालवितो. असे पन्नास असतील तर दिवसाला दोन चमचे. शिरगाव-मयेकडील फिकट चेहऱ्याच्या मुलांना लोहाच्या गोळ्या लिहून देताना हा हिशेब मी मनात करतो. त्याची वाट कातडीतून जाते, हे कैरोत काम करणाऱ्या आर्थर लोसने हातावर डिंभांचे पाणी चुकून सांडल्यामुळे ओळखले आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. लोकांनी विश्वास ठेवला नाही, तेव्हा तासाभराने कापावयाच्या एका मुलाच्या पायावर डिंभ ठेवून त्याने ते कातडीत शिरलेले दाखविले. आजची कोणतीही नीतिसमिती याला संमती देणार नाही. लोसने काढलेल्या अंकुशकृमीच्या आकृत्या मात्र आजही पाहत राहाव्यात अशा आहेत.

शिरगाव म्हटले की लोकांना लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून जाणारे अनवाणी धोंड आठवतात. म्हणून मला कुणी कुणी विचारते. वैशाखातील ती तापलेली कोरडी भुई या डिंभाला मानवत नाही. त्याला हवी पावसाळ्यातील कुळागराची ओल आणि सावली, जेथे आपण सर्वजण चपला काढून बिनधास्त वावरतो.

२०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी दिली जाते. ॲल्बेंडाझोलची गोळी चांगली आहे; परंतु ती आजचा जंत मारते, उद्याची वाट बंद करीत नाही. मी पाहिलेल्या भित्तिपत्रकांवर हसरे मूल आणि गोळी होती, वाट नव्हती. म्हणून करोनाच्या आदल्या वर्षी शिरगावातील एका शाळेच्या चित्रकला शिक्षकांना मी विनंती केली की, जंताचा प्रवास दाखविणारा तक्ता करून द्या. त्यांनी मोठ्या हौसेने केला. विहीर, भाजी धुणारी बाई, पेरू खाणारी मुलगी, तिच्या पोटात रांगोळीसारखा सुबक जंत. बाण पोटातून निघून तक्त्याच्या कडेला नाहीसा होत होता आणि खालच्या मातीत पुन्हा उगवत होता.

"मधला भाग राहिला, सर," मी म्हणालो.

"राहिला नाही, डॉक्टर, गाळला. वर्गात सरस्वतीची तसबीर आहे. तिच्यासमोर ते कसे लावायचे?"

मी त्यांना म्हटले की, सगळे चक्र तोडता येईल अशी मोक्याची जागा नेमकी तीच आहे. त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी माडाच्या आड पाठमोरे बसलेले एक पोर तक्त्यात आले आणि त्याच्या शेजारी दार, कडी आणि पाण्याची बादली असलेली संडासाची खोली आली. मुलांनी अर्थातच त्या पोराखेरीज काहीही पाहिले नाही. त्याचे त्यांनी नावही ठेवले; ते वर्गातीलच एका मुलाचे असल्यामुळे येथे देत नाही.

मुख्याध्यापिकांनी तोड काढली. सरस्वती वर्गात राहिली आणि तक्ता हात धुण्याच्या नळाशेजारच्या भिंतीवर गेला. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे रंग ओघळले. सरांनी तो ऑइलपेंटने थेट भिंतीवर पुन्हा काढला आणि या खेपेस बाणांवर दिवस लिहिले.